तीन रिमोट आणि एक गंज

आधी कबूल करून टाकते, म्हणजे पुढचं सांगायला मोकळी. सगळ्या रिमोटांचं काम एकट्यानं करणारा एक नवा रिमोट मी बाजारातून आणला. तो घरातल्या तीन जुन्या रिमोटांकडून काम शिकून घेणार होता. आणि त्याचं शिकणं सुरू व्हायच्या आधीच मी ते तिन्ही जुने रिमोट भांडेवालीच्या टोपलीत टाकले आणि त्यांच्यावर एक स्टीलचा गंज, म्हणजे पातेलं, घेतलं. पोराला शाळेत घातलं आणि त्याच दिवशी मास्तर विकून टाकले, असा तो व्यवहार.

आता माझी नात रिमोटशी तोंडानं बोलते आणि तो ऐकतो. तिला ही गोष्ट सांगितली की ती विचारते, "आजी, तू खरंच एवढी बुद्दू होती?" होते ना. आणि त्यातही मौज अशी, की अठ्ठेचाळीस वर्षांची ती बाई स्वतःला फार हुशार समजायची. घासाघीस हा तिचा खास विषय. भाजीवाली तिला लांबून येताना पाहायची आणि चांगली वांगी टोपलीच्या तळाशी सारायची.

आम्ही तेव्हा जवाहरनगरच्या क्वार्टरात राहत होतो. आमचे हे फॅक्टरीत कामाला. मुलगा नुकताच पुण्याला नोकरीला लागला होता. पहिल्या पगारात त्यानं घरी आवाजाचा मोठा डबा पाठवला, छोट्या स्पीकरांच्या चार पिल्लांसकट. तो त्याच्या आजीसाठी, म्हणजे माझ्या सासूसाठी होता. त्यांना ऐकायला कमी येई आणि टीव्हीचा स्वतःचा आवाज त्यांच्या कानापर्यंत पोचत नसे. सासूला मी मामी म्हणायची. आमच्याकडे तशीच रीत.

त्या पावसाळ्यात मामी न्हाणीत घसरल्या आणि त्यांचा खुबा मोडला. ऑपरेशन झालं, पण डॉक्टरांनी तीन महिने खाट सोडायची नाही म्हणून सांगितलं. मामींनी बोटावर महिने मोजले आणि त्यांचं तोंड उतरलं. मधे दसरा येत होता.

दसऱ्याला नागपूरला दीक्षाभूमीवर जायचं, हा मामींचा नेम. छप्पन साली दहा-अकरा वर्षांच्या असताना त्या आईबापासोबत तिथे होत्या. त्यानंतर एकही वर्ष चुकवलं नव्हतं. कधी ट्रकमधून, कधी रेल्वेत उभ्यानं, एकदा तर पोटात आमचे हे असताना. घरी कोणी पाहुणा आला की मामी ते छप्पन सालचं सांगायच्या. "एकेक शबूद ऐकला मी, ह्या कानानं," म्हणून उजवा कान धरून दाखवायच्या. ज्या कानाची साक्ष द्यायच्या, तोच कान आता जास्त गेला होता. पण त्या सांगायला लागल्या की पाहुणा चहा विसरायचा, एवढं खरं.

आता खाटेवर पडल्या पडल्या रोज विचारायच्या, "टीवीवर दिसन ना वो? ऐकू येईन ना?"

मी म्हणायची, "हाव मामी. तिथी बसल्यासारखं दिसन आन् कानात बोलल्यासारखं ऐकू येईन." शब्द देताना आपल्या बापाचं काय जातं!

अडचण होती रिमोटांची. टीव्ही सुरू करायचा एकानं, चॅनल बदलायचा दुसऱ्यानं, आणि त्या डब्याचा आवाज वाढवायचा तिसऱ्यानं. मामींनी आवाज वाढवायला बटण दाबलं की टीव्ही बंद व्हायचा. यांनी तिघांना तीन रंगांच्या चिंध्या बांधून दिल्या, तर मामी म्हणाल्या, "तीन सवती आहेत ह्या. एकीले आवाज देला की दुसरीच ओ देते." दर दहा मिनिटांनी मी कणकेच्या हातानं धावायची. शेवटी ठरवलं, एकच रिमोट आणायचा, स्वस्त आणि मस्त. मामींना स्वतःच्या हातानं दसरा पाहता आला पाहिजे.

भंडाऱ्याला गेले. दुकानदारानं काचेवर तीन नमुने मांडले. मामींना दिसायचंही बेताचंच, म्हणून मी डोळे मिटून एकेकाची बटणं बोटानं चाचपली. एकाची बटणं मेथीच्या दाण्याएवढी. दुसऱ्याची जरा बरी, पण सोबत बारीक अक्षरात नंबरांची लांबलचक यादी. तिसऱ्याची बटणं मोठी, रबरी, दाबली की बोटाला कळणारी.

"हा मेथीदाणा काहून स्वस्त आहे?" मी विचारलं.

"तो फक्त टीवीचा आहे, बाई. दुसऱ्यात यादी पाहून कंपनीचा नंबर टाका लागते. नाई लागला त पुढचा, नाई लागला त त्याच्या पुढचा. आन् हा मोठ्या बटनाचा आहे ना, हा शिकणारा आहे. तिन्ही चालवते."

"मंग हाच दे."

"जुने रिमोट आहेत ना घरी?"

"तीन आहेत."

"चालू आहेत?"

"चालू आहेत मनूनच त तरास आहे ना, भाऊ!"

"मंग काई टेन्शन नाई. जुना आन् नवा समोरासमोर ठेवाचे, आन् मंग..."

"ते ठेवू आम्ही. तू पहिले भाव सांग."

मग मी कामाला लागले. भाव पाडला, सेल फुकट घेतले, वर रिमोटाला घालायची प्लास्टिकची पिशवी घेतली, आणि पायरी उतरताना परत वळून आणखी एक पिशवी मागितली. त्याचं ते अर्धं राहिलेलं वाक्य तेवढं काचेवरच राहिलं. दुकानात तेवढी एकच गोष्ट आपणहून फुकट मिळत होती, आणि तेवढीच मी घेतली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी भांडेवाली आली. दसऱ्याच्या आधी घराघरांत साफसफाई होते, जुने कपडे निघतात, हे तिला आमच्यापेक्षा जास्त ठाऊक. मी दोन साड्या आणि यांच्या तीन पँटी काढल्या. तिनं त्यावर लहान गंज पुढे केला. आमच्याकडे भाजीपासून चहापर्यंत सगळं गंजातच होतं. माझी नजर मोठ्या गंजावर. जाड बुडाचा, वाजवला तर घंटेसारखा आवाज देणारा.

"त्याच्यात आणखीन काई टाक, बाई," भांडेवाली म्हणाली.

"काई नाई आता."

"पाय ना घरात. काई तरी असन बिनकामाचं."

आणि मला आठवलं, की आता घरात तीन जिन्नस बिनकामाचे झाले आहेत. मी आत गेले, ते चिंध्या बांधलेले तिघे आणले आणि तिच्या टोपलीत टाकले. खाटेवरून मामींनी विचारलं, "काय देऊन राहिली वो?" मी म्हटलं, "काई नाई मामी, कचरा." भांडेवाली मोठा गंज ठेवून गेली आणि मी दारात उभी राहून शेजारणीला ऐकू जाईल अशा बेतानं तो दोनदा वाजवला.

संध्याकाळी हे ड्युटीवरून आले. मी नव्या गंजात चहा मांडला होता. नवा रिमोट मामींच्या हातात होता. त्या बटणं दाबत होत्या आणि काहीच होत नव्हतं. यांनी डबीतला कागद काढला, चष्मा लावला, पूर्ण वाचला आणि विचारलं, "जुने कुठी आहेत?"

"कायले पायजे?"

"हा त्यायच्यापासून शिकते मनते. एकेक बटन. ते कुठी आहेत?"

मी गंजाकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग गंजाकडे. मग ते उठले आणि गंजात वाकून पाहिलं, जसे काही रिमोट तिथेच उकळत होते.

"काय झालं गा?" मामी खाटेवरून ओरडल्या.

"काई नाई माय," हे म्हणाले. "सेल उलटे बसले."

त्या माणसानं मला आयुष्यात दागिना फारसा केला नाही, पण त्या दिवशीचं ते खोटं मी अजून सोन्यासारखं जपून ठेवलं आहे.

दसऱ्याला मधे दोन दिवस. टीव्ही त्याच्या कडेच्या बटणानं सुरू व्हायचा, पण चॅनलचा डबा जिथे अडकला तिथेच. आणि तो अडकला होता दागिने विकणाऱ्या चॅनलवर. यांनी फोन करून विचारलं, तर त्या डब्याचा रिमोट मागवावा लागेल, आठ दिवस लागतील, असं उत्तर आलं. शेजारणीकडे टीव्हीची छत्री दुसऱ्या कंपनीची. तिचा रिमोट आमच्या डब्याला ओळख देईना. मामी दिवसभर दागिने पाहत पडल्या. संध्याकाळी म्हणाल्या, "ही बाई सकाळपासून एकच हार विकून राहिली. कोणी घेत काहून नाई वो तिचा?" आणि मग हळूच, "परवा दिसन ना?"

दुसऱ्या दिवशी शेजारणीला मामींजवळ बसवलं, गंज घासून पिशवीत घातला आणि भंडारा गाठलं. भांडेवाली बसस्टँडमागच्या वस्तीत राहते, एवढं तिच्याच बोलण्यातून ठाऊक होतं. विचारत विचारत घर सापडलं. ती दारात जुन्या साड्यांच्या घड्या घालत बसली होती. त्यात माझीही एक होती, आणि तिच्या हातात ती माझ्याकडे असतानापेक्षा चांगली दिसत होती.

"रिमोट वापस दे वो बाई. हा घे तुया गंज."

तिनं हातातली घडी पूर्ण केली. "टोपलीत गेलेला माल आन् सासरी गेलेली पोरगी, अशी वापस भेटत नाई."

"मी त गंज वापस आणला ना!"

तिनं गंज घेतला, आत नाक घातलं. "याच्यात चहा झाला."

"एक डाव."

"एक डाव झाला मंजे जुना झाला. नव्याचा भाव देला होता मी."

मी रिमोटाच्या त्या दोन पिशव्या काढल्या, ज्या दुकानदाराकडून झगडून घेतल्या होत्या. तिनं त्या घेतल्या आणि माझ्या हाताकडे पाहत राहिली. हातात छत्री होती.

"ही त नवीन आहे!" मी म्हटलं.

"पाणी कुठी आहे आता?" ती म्हणाली. "बिनकामाचीच आहे."

माझाच हिशेब, माझ्याच भावात. मी छत्री दिली. तिनं आतून दोन रिमोट आणून माझ्या तळहातावर ठेवले, लाल चिंधीचा आणि पिवळ्या चिंधीचा.

"आन् हिरवा?"

"तो सकाळीच भंगारात गेला. दोन भेटले ते नशीब समज."

लाल टीव्हीचा, पिवळा चॅनलचा. हिरवा आवाजाचा होता. मी भंगारवाल्याकडेही जाऊन आले. त्यानं पत्र्यांचा आणि पाइपांचा एक डोंगर दाखवला आणि म्हणाला, "पाय ना बाई, भेटला त घेऊन जा." तासभर उकरलं. एक कंगवा सापडला.

दसऱ्याच्या सकाळी हे कागद वाचत होते आणि मी एकेक जुना रिमोट नव्यासमोर ठेवून बटणं दाबत होते. मुलगी पाहायच्या कार्यक्रमासारखे ते दोघं तोंडाकडे तोंड करून गप्प. जुन्याचं बटण दाबायचं, मग नव्याचा दिवा लुकलुकायचा, म्हणजे शिकला. सत्तावीस बटणं. दोनदा चुकलं, दोनदा पहिल्यापासून. शेवटी नवा रिमोट मामींच्या हातात दिला. त्यांनी मोठं बटण दाबलं. दागिनेवाली गेली आणि पांढऱ्या कपड्यांतली माणसंच माणसं दिसायला लागली.

मामींनी पांढरी साडी नेसली होती. आम्ही दोघांनी धरून त्यांना उशांना टेकवून बसवलं होतं. आवाजाचा डबा नुसता निळा दिवा लावून बसला होता. त्याच्या अंगावर चालू-बंदचं एकच बटण, बाकी सगळं त्या हिरव्या चिंधीकडे. टीव्हीचा आवाज पूर्ण वाढवला. शेजारच्या दोन क्वार्टरांना ऐकू गेला असेल. मामींनी कानामागे हात धरला, मग दुसऱ्या कानामागे.

"काय मनून राहिले?"

हे त्यांच्या कानाशी वाकून सांगायला लागले. थोड्या वेळानं मामींनी त्यांना हातानंच थांबवलं. पडद्यावर लोकांनी हात जोडले होते. मामींनीही हात जोडले आणि वंदना म्हणायला लागल्या, मोठ्यानं, बहिऱ्या माणसाच्या आवाजात. त्यांना ऐकू येत नव्हतं, म्हणून त्या टीव्हीच्या दोन शब्द पुढे होत्या. तसंच शेवटपर्यंत. मी उभी होते ती खाली बसले.

दुपारी हे बाहेर गेल्यावर माझ्याच्यानं राहवलं नाही. खाटेवर जवळ बसून, कानात तोंड घालून सगळं सांगितलं. सेल उलटे नव्हते. आवाजाचा रिमोट मीच दिला, गंजापायी. तुम्हाला शब्द दिला होता, ऐकू येईल म्हणून, आणि आलं नाही.

मामींनी नवा रिमोट उचलला. बोटानं चाचपून बरोबर ते बटण शोधलं आणि टीव्ही बंद केला. मग दाराकडे पाहिलं, कोणी आहे का ते. त्या गेल्या त्यालाही आता काही वर्षं झाली, म्हणून लिहिते. नाहीतर हे त्यांनी पाहुण्यांत कधीच सांगितलं नव्हतं. माझा कान धरून त्यांनी मला जवळ ओढलं आणि म्हणाल्या:

"छप्पन साली आम्ही पार मागं होतो वो, मले एक शबूद ऐकू आला नोयता. आन् माझी माय पुरा टाईम गर्दीत आपला हरवलेला गंज धुंडत होती. तू त तिच्यावरच गेली."