सोडलेलं दही

"होमोसिस्टीन बहुत बढ़ा हुआ है," डॉक्टर म्हणाले, आणि आमच्या घरातल्या त्या गोष्टीला पहिल्यांदा नाव मिळालं.

तोवर सगळे तिला नुसतं 'ते' म्हणायचे. माझे सासरे 'त्यात' गेले, आजेसासरे 'त्यात' गेले, त्यांचे वडीलही 'त्यातच'. तिघेही चाळिशीच्या आसपास, बसल्या जागी, डोकं धरून. काशीतल्या दुर्गाघाटावरच्या आमच्या घरात तिघांचे फोटो ओळीने लावले आहेत. नाक-कपाळ इतकं सारखं, की एकाच माणसाला कपडे बदलून तीनदा उभं केलंय असं वाटावं. माझा नवरा माधव बँकेत आहे. तो त्या फोटोंखाली बसून कोरा चहा प्यायला लागला की मी दुसरीकडे बघायची.

मी नागपूरची. असल्या गोष्टी हसण्यावारी नेणारी. पण माधवची चाळिशी जवळ आली तशा गल्लीतल्या बायका तो दिसला की बोलता बोलता थांबायला लागल्या. एकजण तर मला बाजूला घेऊन म्हणाली, "बहू, अबकी बरस संभाल के." तेव्हापासून माझं हसू आटलं.

सुरुवात डोकेदुखीने झाली. आडवं पडलं की जास्त दुखायचं. मग दिसायला धूसर झालं. "चष्म्याचा नंबर वाढलाय," माधव म्हणाला, आणि मला ते खरं मानायचं होतं म्हणून मी मानलं. दोन दिवसांनी जेवताना त्याचा उजवा हात तोंडापर्यंत पोचलाच नाही. भाताचा घास गालाला लागला. तो घासाकडे बघत राहिला, जणू हात दुसऱ्याच कुणाचा होता. मग त्याला फीट आली.

आमच्या गल्लीत गाडी येत नाही. शेजाऱ्यांनी त्याला खाटेवर घातलं, अंगावर चादर घातली, चौघांनी खांदा दिला. पुढे ते, मागे मी आणि सासूबाई. भर दुपारी लोक भिंतीला चिकटून वाट देत होते, हात जोडत होते. काशीत अशी वाट कुणाला देतात ते मला ठाऊक होतं. एक दुकानदार सवयीने म्हणालाही, "राम नाम सत्य है."

माधवने डोळे उघडले. "अभी नहीं, भइया," तो म्हणाला.

दुकानदाराचे हात जोडलेलेच राहिले. मला रडता रडता हसू फुटलं. आजही आठवलं की अंगावर काटा येतो.

हॉस्पिटलात एमआर व्हेनोग्राम केला. म्हणजे मेंदूतून रक्त परत नेणाऱ्या शिरांचा फोटो. त्यातल्या एका शिरेत गुठळी होती. रक्त पातळ करणारी इंजेक्शनं लगेच सुरू झाली. वेटिंग रूममध्ये सासूबाई माळ ओढत होत्या. मधेच थांबून म्हणाल्या, "सुनबाई, घरी जाऊन तो मोठा फोटो काढून ठेव. नवी फ्रेम करायला टाइम लागतो." मी त्यांच्यावर ओरडले. त्या शांतपणे माळ ओढत राहिल्या. त्यांनी मनातून मुलाला केव्हाच देऊन टाकलं होतं.

पण माधव वाचला. हातात हळूहळू ताकद आली, आणि रिपोर्टही आले. होमोसिस्टीन हा अन्नातल्या प्रथिनांपासून शरीरात बनणारा एक पदार्थ. तो साठून राहिला तर गुठळीचा धोका वाढतो. त्याचा निचरा करायला एमटीएचएफआर नावाचा जीन मदत करतो. माधवमध्ये त्या जीनच्या दोन्ही प्रतींत बदल आहे, एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून.

"म्हणजे शापच ना?" सासूबाईंनी विचारलं.

"नाही, माताजी. हा बदल कितीतरी लोकांत असतो आणि बहुतेकांना काही होत नाही. शरीराला फोलेट आणि बी-ट्वेल्व्ह पुरेसं मिळालं की काम चालतं. यांच्यात दोन्ही फार कमी आहे. घरी खाता काय?"

सासूबाई ताठ बसल्या. आम्ही काय खात नाही ते त्यांनी अभिमानाने सांगितलं.

काशीला आलेला यात्रेकरू आवडीची एक वस्तू कायमची सोडून जातो. आमचे लोक काशीतच राहिले, म्हणून त्यांनी स्वतःची रीत पाडली. घरातला कर्ता गेला की पंचगंगा घाटावर गंगेत उभं राहून त्याच्या आवडीची वस्तू साऱ्या घराने सोडायची. पणजोबांच्या नावाने पालेभाज्या गेल्या, आजोबांच्या नावाने दूध, सासऱ्यांच्या नावाने दही. माधव तेव्हा बारा वर्षांचा होता. मांस-मच्छी, अंडं तर नव्हतंच कधी.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "यातूनच तर ते मिळतं," ते हळूच म्हणाले. "आधीच्या तिघांना काय झालं होतं ते मी आज सांगू शकत नाही. पण यांच्यापुरतं हे बदला."

मला आमची फोटोंची भिंत दिसली. गेलेले तिघे जिवंतांच्या ताटातून एकेक जिन्नस उचलून नेत होते. मागचा गेला की पुढच्याचं ताट आणखी रिकामं. आणि वाढणाऱ्या आम्हीच.

सासूबाई परतताना एवढंच म्हणाल्या, "मीच त्याला पाण्यात उभं केलं होतं गं."

घरी गोळ्या आणि बी-ट्वेल्व्हची इंजेक्शनं चालू झाली. दही मात्र माधव तोंडात घालेना. "बाबांच्या नावाने सोडलंय. ते परत घेऊ?" सोडायची रीत आमच्याकडे होती, परत घ्यायची नव्हती.

एका सकाळी सासूबाईंनी मातीचं कुल्हड भरून दही घेतलं आणि आम्हाला पंचगंगेवर नेलं. त्याच पायरीवर माधवला गुडघाभर पाण्यात उभं केलं. मग पाण्याकडे बघून नवऱ्याशी बोलल्या, समोर बसल्यासारख्या. "अहो, दही तुम्हाला आवडायचं. पण त्याहून तंबाखूचं पान आवडायचं. ते कुणी सोडलं नाही, कारण सगळ्यांनाच हवं होतं. आज तुमचा मुलगा ते सोडतोय. दही आम्ही परत नेतोय. आता याच्या ताटातलं काही मागू नका."

डॉक्टरांनी तंबाखू बंद करायला सांगूनही माधवने ऐकलं नव्हतं. आता त्याने खिशातली पुडी मुकाट आईच्या हातावर ठेवली.

तुमच्याही घरात माणसं लवकर, सारखीच गेली असतील, तर डॉक्टरांना सगळी हकिगत सांगा. काय खाता ते सांगाल; काय खात नाही तेही सांगा. आमचं घर त्या एका प्रश्नाने वाचवलं, आणि त्या डॉक्टरांचे उपकार मी विसरणार नाही. आमच्या मुलीतही तो बदल आहे, बापाकडून येणारच होता. ती फोटोंखाली बसून पालक खाते. मी आता दुसरीकडे बघत नाही.

त्या सकाळी सासूबाईंनी पहिला चमचा स्वतः खाल्ला, दुसरा मुलाला भरवला. माधवने डोळे मिटले.

"आंबट आहे," तो म्हणाला.

"तेच तर आवडायचं त्यांना," त्या म्हणाल्या, आणि मुलाच्या खांद्यावर डोकं ठेवून मोठ्याने रडल्या.