अप्पा सावंतांच्या अकरा शिंका

आमच्या अंधेरीच्या डबिंग स्टुडिओत किस्से जमवावे लागत नाहीत. ते आपणहून येतात, दारात चपला काढतात आणि एसीत येऊन बसतात. एरवी महिन्याला एखादा. पण यंदा उन्हाळ्याच्या सुट्टीत ‘कॅप्टन आक्छी’ मराठीत आला आणि आमची वाट लागली. सिनेमाच्या शेवटी स्टुडिओचं बारीक नाव येतं, ते कुणी वाचत नाही असा माझा इतकी वर्षं समज होता. लोक वाचतात. नंबर शोधून काढतात. आणि फोन माझ्या टेबलावर आहे.

ज्यांनी सिनेमा पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. कार्टून आहे. कॅप्टन आक्छी हा बायको, दोन पोरं आणि सासू असलेला साधा माणूस. फक्त तो शिंकला की समोर असेल ते उडतं. ट्रक, पूल, एकदा तर सासू. व्हिलन डॉक्टर नाकबंद, त्याला जगातली झाडून सगळी नाकं बंद करायची आहेत. संपली गोष्ट. एवढ्यावर पोरं वेडी झाली.

*

कॅप्टनचा आवाज दिला मालिकेतल्या एका हिरोनं. नाव नाही सांगत, मलाही पोट आहे. संवाद झकास बोलला, पण त्याला शिंक जमेना. म्हणजे शिंकायचा, पण कसा? लग्नात पुढच्या खुर्चीत बसलेला माणूस शिंकतो तसा. रुमालात, आणि वर सॉरी.

आमचा रेकॉर्डिस्ट विन्या हेडफोन काढून म्हणाला, “मीनल, या शिंकेनं पूल सोड, ताटातला पापड उडणार नाही.”

तेवढ्यात बाहेरच्या बाकड्यावरून एक शिंक आली. साउंडप्रूफ दारातून आली, हे लक्षात घ्या. त्या दारातून माझी हाक आत जात नाही.

बाहेर अप्पा सावंत बसले होते. वय सदुसष्ट, मूळचे मालवणकडचे, मुक्काम दहिसर. एका कारखान्याच्या स्टोअरमधून रिटायर झाल्यापासून आमच्याकडे गर्दीचे आवाज देतात. ‘पकडा त्याला’, ‘आग लागली’, ‘अरे देवा’ हे तिन्ही बऱ्याच सिनेमांत त्यांचेच असतात. त्यांना उचलून आत आणलं. दोन दिवस तपकीर ओढओढून त्यांनी कॅप्टनच्या अकरा शिंका दिल्या. लांब शिंक, दबलेली शिंक, झोपेतली शिंक. सगळ्यात कठीण अर्धी शिंक, येते येते आणि येत नाही ती. ती त्यांनी एका टेकमध्ये दिली. विन्यानं उठून हात जोडले.

सिनेमाच्या नामावलीत नाव आलं हिरोचं. मला वाईट वाटलं, तसं मी अप्पांना बोलले. ते म्हणाले, “अगो, शिंकेक कसला नाव?”

*

अप्पांना नावाचं काही नव्हतं. त्यांना फक्त ओवी हवी होती.

ओवी म्हणजे त्यांची नात, वय वर्षं सहा, कॅप्टनची कट्टर फॅन. पाच वेळा सिनेमा पाहिलेला. शिंका बोटांवर मोजून ठेवलेल्या, बोटं संपली म्हणून अकरावी नाकावर. अप्पांनी मोठ्या हौसेनं तिला सांगितलं, “त्या अकराच्या अकरा माझ्या.”

ओवी शांतपणे म्हणाली, “आजोबा, खोटं बोलू नये.”

“तुझी शप्पथ.”

“मग आत्ता शिंका.”

आणि इथे घोळ झाला. त्या दोन दिवसांच्या तपकिरीनं अप्पांचं नाक पार बधिर झालं होतं. जन्मभर चाळ हलवणारा माणूस, पण आता शिंक म्हणून येईना. त्यांनी मिरपूड हुंगली, पंख्याखाली ओल्या केसांनी बसले. काही नाही. ओवीनं थोडा वेळ वाट पाहिली आणि ती खेळायला गेली.

त्यात अप्पांच्या मुलाची, मंदारची, हैदराबादला बदली झालेली. जूनमध्ये बिऱ्हाड हलणार. “जावच्या आधी एकदा तिका पटाक होया,” अप्पा मला म्हणाले. “नायतर ती लक्षात ठेवतली, आजोबा थापाडो होतो म्हणान.” हे बोलताना ते हसत होते, पण मला ते हसू आवडलं नाही. मी आणि विन्यानं ठरवलं, अप्पांची शिंक परत आणायची.

*

दरम्यान फोन चालूच. पहिला मुलुंडहून, एक आजी.

“तुमच्यामुळे मी घरात अडकलेय.”

म्हटलं काय झालं. तर त्यांचा नातू कॅप्टन झाला होता. आजी पायात चपला घालून निघाल्या की तो आक्छी करायचा. आता घरातून निघताना कुणी शिंकलं तर तसंच जायचं नाही, आत यायचं, बसायचं, घोटभर पाणी प्यायचं आणि मग निघायचं, हे आजींच्या घरी तीन पिढ्या चालत आलेलं. आजी परत यायच्या, बसायच्या, पाणी प्यायच्या, उठायच्या. आक्छी.

“मंगळवारपासून माझं भजनी मंडळ बुडतंय. दिवसभर नुसतं पाणी पितेय.”

मी समजूत काढली, “आजी, ती अपशकुनाची शिंक नाही. ती पॉवरची शिंक आहे.”

“बरं. दोन्हींत फरक कसा ओळखायचा?”

अप्पा समोरच चहा पीत होते, त्यांच्या हातात फोन दिला. अप्पा गंभीरपणे म्हणाले, “पॉवरच्या शिंकेआधी नाक डावीकडे वळतं, बाई. माझं जन्मापासून वळतं. ते बघूनच कॅप्टनचं नाक तसं केलंय.” हे साफ खोटं होतं, कॅप्टन परदेशातून तयार होऊन आला होता. पण त्याचं नाक खरंच डावीकडे वळतं, आणि अप्पांचंही. रेकॉर्डिंगच्या वेळचं आठवलं तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं.

दुसऱ्या दिवशी आजींचा फोन. नातवाचं नाक दर वेळी डावीकडेच वळतं, म्हणून त्या आता बिनधास्त जातात.

*

बोरिवलीच्या एका थिएटरच्या मॅनेजरचा फोन तर तक्रारीचाच होता. सिनेमाच्या शेवटी डॉक्टर नाकबंद कॅप्टनची शिंक चोरतो. मग कॅप्टन पडद्यातून आपल्याकडे बघून म्हणतो, “मित्रांनो, तुम्ही शिंका, म्हणजे मला शिंक येईल.” पोरं खोटं खोटं शिंकतात, मजा येते. सगळीकडे असंच चाललं होतं.

बोरिवलीत पुढच्या रांगेत एक आजोबा होते. त्यांना खोटेपणा सहन होईना. त्यांनी खिशातून तपकिरीची डबी काढली आणि प्रसाद वाटावा तशी रांगेरांगेत फिरवली.

पुढची दहा मिनिटं पडद्यावर काय झालं ते थिएटरात कुणालाच माहीत नाही. डोळे उघडले तेव्हा नावं वर सरकत होती. दोनशे माणसं नाकं पुसत मॅनेजरच्या केबिनबाहेर उभी, शेवट परत दाखवा म्हणून. त्यानं दाखवला. तेव्हा पुन्हा तेच वाक्य आलं, “मित्रांनो, तुम्ही शिंका.”

“डबीत अजून शिल्लक होती, मॅडम,” मॅनेजर म्हणाला. त्याचा आवाज रडवेला होता.

*

घाटकोपरच्या सुट्टीतल्या शिबिराच्या बाई मात्र खूश होत्या. त्यांच्याकडे मुलं हजेरीला ‘यस टीचर’च्या ऐवजी शिंकायला लागली. बाईंनी आधी दम दिला, मग नाद सोडला, आणि आठवड्याभरात त्यांना वर न बघता शिंकेवरून पोर ओळखता यायला लागलं. एकदा पारसच्या नावाला शिंक आली. बाई मान वर न करता म्हणाल्या, “आर्यन, पारस आज आलेला नाही.”

हे सांगायला त्यांनी मुद्दाम फोन केला होता. शिवाय विचारत होत्या की कॅप्टन कुलकर्णी आहे का, त्यांच्या मामांची शिंक अगदी अशीच होती. मी सांगितलं, सावंत आहे. एवढं तरी कुणाला कळू दे.

*

आता अप्पांच्या नाकाचे उपाय. मी त्यांना सांताक्रूझला एका नाक-कान-घशाच्या डॉक्टरकडे घेऊन गेले.

डॉक्टरांनी विचारलं, “किती दिवस शिंका येतायत?”

“येत नाहीत,” अप्पा म्हणाले.

“मग उत्तम.”

“यायला हव्यात.”

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, “काका, माझ्याकडे रोज माणसं शिंका घालवायला येतात. बाहेर बारा जण बसलेत. त्यांच्यात जाऊन बसा, लागली तर लागली.”

आम्ही अर्धा तास बसलो. शिंका मला लागल्या. अप्पा कोरडे.

मग विन्यानं डोकं लढवलं. त्यानं ओरिजिनल रेकॉर्डिंग पेन ड्राइव्हवर घातलं, शिंकेच्या आधी अप्पांचं “विन्या, बाळा, थांब हां” आणि मग शिंक, असं सगळं. याहून पक्का पुरावा कुठला? मी दहिसरला जाऊन ओवीला ते ऐकवलं. तिनं नीट ऐकलं. मग माझ्याकडे बघून म्हणाली, “मावशी, हे हल्ली कॉम्प्युटरवर कुणाच्याही आवाजात बनवता येतं.”

सहा वर्षांची पोर. मी पेन ड्राइव्ह घेऊन घरी आले.

*

जाण्याच्या आठवड्यात अप्पांच्या सोसायटीतल्या एका पोराचा वाढदिवस आला. त्याच्या बापानं मोठा हात मारला, थेट मालिकेतल्या हिरोलाच कॅप्टनचा ड्रेस घालून बोलावलं. हिरोनं होकार दिला आणि मग मला फोन केला. “मॅडम, पोरं शिंक मागतील. ते तुमचे अंकल पडद्यामागे बसतील का?”

अप्पा बसले. त्यांचा हिशोब वेगळा होता. इतक्या पोरांचा गलका, फुगे, धूर, कशानं तरी शिंक येईल. आणि ओवी पुढच्या रांगेत असेल, तेव्हा विन्या पडदा ओढेल. प्लॅन एकदम फिट.

हिरो स्टेजवर उभा राहिला. मान मागे टाकली, “आ... आ...” पोरांनी श्वास धरला. पडद्यामागे अप्पांनी डोळे मिटले. मी त्यांच्या नाकाकडे बघत होते. नाक सरळ.

“आ...” हिरो तसाच उभा. तोंड उघडं. अर्धा मिनिट गेलं. एका पोरानं आईला विचारलं, “याचं चार्जिंग संपलं का?”

मग एक जण रडला, आणि त्याचं बघून सगळे. हिरो मागच्या दारानं गेला. विन्यानं पडदा ओढलाच नाही. अप्पा प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून राहिले. केक आणून दिला तो त्यांनी खाल्ला नाही. म्हणाले, “जाव दे, मीनल. पोरग्येक थापाडो आजोबा तर थापाडो. आजोबा तरी म्हणता ना.” मला इतकं भरून आलं की मी तो केक खाऊन टाकला.

*

रविवारी सकाळी ते निघायचे होते. मी आणि विन्या दहिसरला गेलो, म्हटलं अप्पांजवळ कुणीतरी असावं.

माई, म्हणजे अप्पांची बायको, निघण्याच्या बाबतीत मुलुंडच्या आजींच्या वरताण. तिनं सगळ्यांना ताकीद दिली होती, “निघताना कोणी शिंकलात तर बघा. पोरं लांब जातायत.” ज्या घरात महिनाभर शिंकेसाठी नवस चालले होते, त्या घरात ही ताकीद. विन्यानं तर नाकाला रुमालच बांधला.

माईनं सगळ्यांच्या हातावर दही घातलं. बॅगा खाली गेल्या. टॅक्सी वाट बघत होती, मंदार दर मिनिटाला घड्याळ बघत होता. ओवी मागच्या खिडकीत बसली, कॅप्टनचा लाल मुखवटा कपाळावर सरकवून. अप्पा खिडकीशी उभे होते.

मग अप्पांनी मान वर केली आणि पाण्याच्या टाकीकडे बघत राहिले. टाकीत बघण्यासारखं काही नव्हतं. डोळ्यांतलं खाली येऊ नये म्हणून माणूस वर बघतो, तसं ते बघत होते. वर ऊन होतं.

“आजोबा,” ओवी म्हणाली. “नाक.”

मी बघितलं. नाक डावीकडे वळलं होतं.

नंतर जे झालं ते दहिसर नदीच्या पलीकडल्या बिल्डिंगीतही ऐकू गेलं असं लोक सांगतात. टाकीवरची कबुतरं एकदम उठली. पार्किंगमधल्या एका स्कूटरचा भोंगा वाजायला लागला. टॅक्सीवाल्यानं हँडब्रेक ओढला. माझ्या शेजारी विन्या रुमालातून म्हणाला, “पाचवी. पुलाची. हुबेहूब.”

ओवी तोंड उघडं टाकून अप्पांकडे बघत होती.

पहिली भानावर आली माई. “शिंक झाली. उतरा सगळे.”

“आई, फ्लाइट आहे,” मंदार म्हणाला.

“फ्लाइटवाल्यांना सांग शिंक झाली म्हणून. घरात चला, बसा, पाणी प्या.”

आईपुढे मंदारचं कधीच चाललं नाही. दारं उघडली, सगळे वर गेले, बसले, पाणी प्यायले आणि पाच मिनिटांनी पुन्हा खाली आले. अप्पा नाक पुसत होते, डोळे पुसत होते, काय कशासाठी ते कळत नव्हतं. मंदार पुढे बसला. माई दार लावायला वाकली.

ओवी काही आत बसेना. ती टॅक्सीकडे बघत होती, मग माईकडे, मग तिच्या हातातल्या पाण्याच्या तांब्याकडे. मग तिनं अप्पांचा सदरा ओढून त्यांना खाली वाकवलं आणि कानात विचारलं, पण ते आम्हा सगळ्यांना ऐकू आलं.

“आजोबा, अजून दहा आहेत ना?”