खांदा दुखतोय, पण हात वर जातोय

"खांदा उतरला याचा. बसवून द्या जी, म्हंजे आमी निघतो. धान उघड्यावर पडून हाय."

हे बोलणारा पेशंट नव्हता. तो पेशंटचा मोठा भाऊ, भाऊलाल. पेशंट दुलीचंद बाकावर बसला होता, उजव्या हातानं डावा खांदा दाबून धरून. त्यांच्यापासून जरा लांब, भिंतीकडे तोंड करून, डोक्यावरचा पदर नाकापर्यंत ओढून एक बाई उभी होती. दुलीचंदची बायको इमलाबाई.

आमगाव-सालेकसा पट्ट्यातल्या एका छोट्या सरकारी दवाखान्यात मी तेव्हा मेडिकल ऑफिसर होते. गोंदिया जिल्हा नवीन होता, आणि नोकरीत मीही नवीनच होते. आमच्याकडे एक एक्स-रे मशीन, एक जुनी अॅम्ब्युलन्स आणि भरपूर सलाईन होतं. सर्जन नव्हता. रक्तही नव्हतं. दोन्हीसाठी गोंदियाला जावं लागायचं.

धानाच्या हंगामात पडझडीचे पेशंट नेहमीच येत. कापलेल्या धानाचे भारे खळ्यावर आणून त्यांची उंच रास रचतात, तिला इकडे पुंजणं म्हणतात. एकानं वर उभं राहून रचायचं, बाकीच्यांनी खालून भारे फेकायचे. वर दुलीचंद होता. पाय सटकला आणि तो डाव्या कुशीवर, खाली उभ्या असलेल्या बैलबंडीच्या चाकावर आदळला. गावातल्या हाड बसवणाऱ्या मंगरूबाबांनी हात ओढला, मालिश केली. दुखणं थांबेना, म्हणून त्याच बंडीत घालून त्याला आमच्याकडे आणलं होतं.

उतरलेला खांदा ओळखायला मोठी विद्या लागत नाही. खांद्याची गोलाई जाते आणि तो चौकोनी दिसायला लागतो. माणूस कोपर दुसऱ्या हातानं सांभाळत येतो आणि जवळ जाऊ देत नाही. त्या बाजूचा हात दुसऱ्या खांद्यावर ठेवायला सांगितला तर ठेवता येत नाही. गळ्याजवळचं हाड मोडलं असेल तर बोट फिरवताच उंचवटा लागतो आणि पेशंट किंचाळतो.

"डावा हात उजव्या खांद्यावर ठेवा."

ठेवला.

"आता वर करा."

दुलीचंदनं हात सरळ आभाळाकडे केला. चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

मी सगळीकडे दाबून पाहिलं. "इथं दुखतंय?"

"नाई जी."

"मग कुठं दुखतंय?"

त्यानं खांद्याच्या अगदी टोकावर बोट ठेवलं. "अंदर. लय दुखून रायलं."

मुका मार असेल, असं मला वाटलं. त्याच्या अंगाला मोहाच्या दारूचा दणदणीत वास येत होता. फोटो काढू आणि पट्टा बांधून पाठवू, असं म्हणून मी त्याला एक्स-रेला पाठवलं आणि पुढचा पेशंट घेतला.

थोड्या वेळानं एक्स-रेवाल्याची हाक आली. "मॅडम, हा झोपतच नाही. चढली आहे त्याला."

मी गेले. दुलीचंद टेबलावर अर्धवट उठून बसला होता. त्याला आडवं केलं की तो ओरडायचा, "झोपवू नका, खांदा फुटते!" उठवलं की जरा शांत व्हायचा. दिवस थंडीचे होते, खोलीत मला स्वेटर घालूनही थंडी वाजत होती, आणि त्याच्या कपाळावरून घाम ओघळत होता.

मी मनात पुन्हा मांडून पाहिलं. हात सगळीकडे फिरतो, दाबून दुखत नाही, आणि झोपलं की खांदा फुटतो. मार खांद्याला नव्हताच.

हे थोडं समजावून सांगते. छाती आणि पोट यांच्यामध्ये एक स्नायूचा पडदा असतो. त्याची खबर नेणारी नस मानेत जाते. खांद्याच्या टोकाची खबरही मानेच्या त्याच भागात पोहोचते. पडद्याच्या खाली रक्त साचलं की मेंदू फसतो. दुखतं पोटात आणि माणूस सांगतो खांदा. आडवं झोपलं की पोटातलं रक्त वर पडद्याकडे सरकतं आणि दुखणं वाढतं. डाव्या कुशीवर पडलेल्या माणसाचा डावा खांदा असा दुखायला लागला की पहिला संशय पानथरीचा, म्हणजे प्लीहेचा. पानथरी डाव्या बरगड्यांच्या आड असते, रक्तानं भरलेली. एरवी बरगड्या तिला सांभाळतात. पण हिवताप पुन्हा पुन्हा झाला की ती सुजते, मऊ होते आणि बरगड्यांच्या खाली उतरते. मग तिला फुटायला पिकल्या पपईइतकाच धक्का पुरतो. आणि आमच्या जंगलपट्टीत हिवतापाला काय तोटा!

मी त्याचं बनियन वर केलं. डाव्या बरगडीवर खरचटलेलं होतं. पोटावर हात ठेवला, पण दाबायची छाती होईना. अगदी हलकेच बोटं टेकवली. बरगडीच्या खाली घट्ट काहीतरी लागलं. मी हात काढून घेतला. नाडी धावत होती. बीपी शंभराच्या आसपास होतं.

"ताप आला होता का मागे?" मी विचारलं.

"नाई," भाऊलाल दारातून म्हणाला. "तब्येतीनं ठनठनीत हाय तो."

दुलीचंदनं डोळे मिटले होते. मी आमच्या सरांना बोलावलं. सर म्हणजे दवाखान्याचे अधीक्षक, निवृत्तीला आलेले. त्यांनी दारातूनच नाक मुरडलं.

"पिऊन पडलाय. सलाईन लाव, पट्टा बांध. सकाळी उतरेल."

"सर, मला पानथरी वाटते."

"हंगामात असे रोज येतात. सगळ्यांना गोंदियाला पाठवशील?"

सरांचं चुकत होतं असंही नाही. असे खरोखरच रोज येत. मी खाली वाकले आणि दुलीचंदच्या तोंडाजवळ नाक नेलं. कशाचाच वास नव्हता. मग खांद्याजवळ नेलं. भपकारा खांद्याला होता.

त्या तिघांत एकच माणूस अजून एक शब्द बोललं नव्हतं. मी इमलाबाईचा हात धरला आणि तिला ड्रेसिंगच्या पडद्याआड नेलं. इकडच्या घरांमध्ये सून भासऱ्यासमोर, म्हणजे नवऱ्याच्या मोठ्या भावासमोर, बोलत नाही. तोंडही दाखवत नाही. मला हे ठाऊक होतं, पण दवाखान्यात ती भिंतीकडे तोंड करून उभी राहते याचा अर्थ आत्ता माझ्या डोक्यात शिरला.

पडदा ओढताच तिनं पदर मागे सारला आणि ती भडाभडा बोलायला लागली. "पेला नाई जी तो! पेतच नाई. मंगरूबाबानं दारू लावून मालिश केली खांद्याले. आन् ताप काऊन नाई? दिवारीच्या सणापासून थंडी-ताप येऊन रायला. नर्सबाईनं तापाच्या गोऱ्या देल्त्या, बरं वाटलं तं सोडून देल्ल्या. बंडीत दोनदा डोरे फिरवले त्यानं. भासऱ्याइले वाटलं झोपला."

झोप नव्हती ती. रक्त कमी पडून माणूस बेशुद्ध होत होता.

मी बाहेर आले आणि बीपी पुन्हा पाहिलं. नव्वदच्या खाली गेलं होतं. सरांना आकडा सांगितला. त्यांनी स्वतः नाडी धरली, दुलीचंदची खालची पापणी ओढून पाहिली. ती पांढरीफटक होती. सरांचा आवाजच बदलला.

"दोन्ही हातांत सुया घाल, मोठ्या. सलाईन चालू कर. ड्रायव्हरला उठव. हाडांच्या डॉक्टरकडे नाही, सर्जनकडे न्यायचा. मी फोन लावतो. तू सोबत जा, इथलं मी बघतो."

अॅम्ब्युलन्स दारात आली आणि भाऊलाल तिच्या आडवा उभा राहिला.

"खांद्यासाठी गोंदियाले कायले?"

"खांदा नाही, भाऊ. पोटात रक्त वाहतंय."

"पोट कुठं दुखते त्याचं? दुल्या, पोट दुखते का रे?"

"थोडंसं," दुलीचंद पुटपुटला. "खांदा दुखते."

"पहा." भाऊलालनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू खटलाच जिंकला. आणि मग एकदम त्याचा आवाज फुटला. "मॅडम, आमच्या बुढ्याले, बापाले, असंच नेलतं. पोट फाडलं त्याचं. जाताना बोलत गेला आन् येताना बांधून आणला. याले मी तिथं नेत नाई."

इतका वेळ मला हा माणूस अडेलतट्टू वाटत होता. तो भ्यालेला होता. मीही भ्यालेच होते. नेलं आणि वाटेत गेला तर त्याच्या भावाला मारणारी डॉक्टरीण मीच ठरणार होते. ठेवून घेतला तर डोळ्यांसमोर जाणार होता. वाचेल, काळजी करू नका, असं म्हणणं सोपं होतं. पण ते म्हणायला माझी जीभ वळेना.

"नेलं तर वाचेलच असं मी सांगत नाही," मी म्हणाले. "इथं ठेवला तर आज जाईल, एवढं सांगते."

भाऊलाल हलला नाही. तेवढ्यात भिंतीकडून आवाज आला. तिथे उभे असलेले सगळेच वळले.

"मॅडम, त्याइले सांगा, बाजूले सरा म्हना. बुढ्याले उशिरा नेलतं. याले आत्ता न्याचं हाय. मी जातो यायच्यासंगं."

भाऊलाल तिच्यापासून दोन हातांवर उभा होता आणि ती त्याच्यासाठीचा निरोप माझ्याकडे देत होती. मी निरोप पोचवायची गरज पडली नाही. भाऊलालनं खांद्यावरचा गमछा काढून तोंड पुसलं. तो बाजूला झाला आणि मग स्वतःच स्ट्रेचरला हात लावला.

त्या रस्त्याची आठवण आजही नकोशी वाटते. दुलीचंदला आडवं ठेवावं तर तो ओरडायचा, बसवावं तर बीपी उतरायचं. मी त्याला पाठीमागे थोडं उंच करून एका हातानं धरून ठेवलं, दुसऱ्या हातानं सलाईनची बाटली दाबत राहिले. खड्डा आला की मी डोळे मिटायची. ड्रायव्हर रहीमभाईंना मी आधी म्हणाले, जोरात चला. मग म्हणाले, हळू चला.

"मॅडम, एक कुछ तो बोलो," ते वैतागून म्हणाले.

आमगावजवळ फाटक बंद होतं. कोळशाची मालगाडी, एकामागून एक डबे, संपायचं नावच नाही. दुलीचंद बोलायचा थांबला. मी विचारत होते, नाव काय, गाव काय, पुंजणं किती उंच होतं. आधी उत्तरं यायची, मग नुसता हुंकार, मग तोही नाही. इमलाबाई त्याचे तळवे घासत होती. तळवे थंड पडले होते. भाऊलाल समोर बसून बघत होता.

"गेला का जी?" त्यानं विचारलं.

"नाही," मी म्हणाले. मनगटाला नाडी लागत नव्हती. मानेला लागत होती, तीही बारीक. मी बोट तिथून काढलंच नाही, कारण काढलं आणि पुन्हा सापडली नाही तर काय, याची मला भीती वाटत होती.

गोंदियाला सर्जन दारातच उभे होते. सरांचा फोन पोचला होता, त्यामुळे रक्ताची तयारी सुरू होती. सर्जननं पोटात सुई घालून ओढली. सिरिंज लालभडक भरली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, एवढंच म्हणाले, "घ्या आत." रक्त आणखी लागणार होतं, म्हणून भाऊलालनं बाही वर केली. सुई टोचताना त्यानं तोंड फिरवलं, अगदी इमलाबाईसारखं भिंतीकडे.

पानथरी दोन जागी फाटली होती. ती काढून टाकावी लागली. ऑपरेशन चालू असेपर्यंत मी बाहेरच्या बाकावर त्या दोघांच्या मध्ये बसून होते. दुलीचंदला बाहेर आणलं तेव्हा तो कण्हत होता, आणि तो कण्हण्याचा आवाज ऐकून मला रडू फुटलं. डॉक्टरनं असं रडू नये म्हणतात. म्हणोत.

टाके काढल्यावर काही दिवसांनी ती मंडळी मला भेटायला आली. भाऊलालनं गावभर सांगितलं होतं, की मॅडमनं खांद्याचं ऑपरेशन पोटातून करवलं. मी दुरुस्त करायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. मंगरूबाबाही सोबत आले होते. पडलेला माणूस हात वर करत असेल आणि खांदा दुखतो म्हणत असेल तर ओढू नका, आधी आमच्याकडे पाठवा, असं मी त्यांना दाखवून सांगितलं. त्यांनी दोनदा करून पाहिलं.

एक भीती मात्र जन्मभराची होती. पानथरी नसलेल्या माणसाला साधा तापसुद्धा बघता बघता घेऊन जातो. हिवतापाच्या मुलखात तर फारच. पहिली कसर आली की त्याच दिवशी दवाखाना, गोळ्या संपेपर्यंत खायच्या, एकही सोडायची नाही. हे मी दुलीचंदला सांगितलं नाही, भाऊलाललाही नाही. इमलाबाईला सांगितलं, सगळ्यांसमोर.

"घरी विचारत बसू नका," मी म्हणाले.

तिनं पदर तसाच ठेवला, पण भाऊलाल ऐकेल एवढ्या मोठ्यानं बोलली. "आता कोनाले इचारतो मी?"

पुढच्या पावसाळ्यात दुलीचंदला ताप भरला. अंग गरम लागलं त्याच सकाळी ती त्याला घेऊन आली. बंडी भाऊलाल हाकत होता. रक्तात हिवताप निघाला, वेळेवर औषध मिळालं, चार दिवसांत तो घरी गेला.

मी इतकंच शिकले. खांदा दुखतो म्हणणाऱ्याचा हात सहज वर गेला, तर आधी घाबरावं आणि पोट बघावं. आणि सोबत आलेल्यांत जे माणूस भिंतीकडे तोंड करून उभं असेल, पेशंटची हकीकत त्याला विचारावी.