कुसुमचं कापरं

अंगात येणं, भूतबाधा असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. आष्ट्यात मुलींच्या शाळेत शिकवत होते. एखादी ताईत बांधून आली की मीच तिला चिडवायची. तरी ही हकिकत लिहितेय...

लढाईची वर्षं होती. यजमान फौजेत, परमुलखात. घरात सासूबाई, मी आणि नऊ वर्षांची कुसुम. कुसुमला मधुमेह. रोज सकाळी सुई उकळून इन्शुलिन मीच टोचायची. रक्तातली साखर फार उतरली की आधी तिचं तिलाच कळायचं — "आई, हात कापत्यात, ओठ बधिर झालं." गूळ दिला की दहा मिनिटांत पोर खेळायला मोकळी.

पुढं हे कळणंच बंद झालं. बोलता बोलता कोसळायची. एकाच महिन्यात तीनदा तिची दातखीळ मी उघडली. सांगलीचे डॉक्टर म्हणाले, "शरीराला सवय झाली, बाई. ती खूण परत येईल असं वाटत नाही. नजर ठेवा." मग महिनाभर दर दोन तासांनी काहीतरी भरवत मी तिला जपलं.

पण औषध संपत आलं आणि मला सांगलीला जावंच लागलं. दवाखान्यात बाकावर बसले होते. घड्याळात दीड वाजला होता. एकदम माझ्या हातांना कापरं भरलं. घाम फुटला, ओठ बधिर... कुसुम सांगायची अगदी तस्सं! कंपाउंडरनं साखरपाणी दिलं, काही फरक नाही. एवढंच कळत होतं — तिकडं पोर पडतेय, आणि मी इथं. परतीची मोटार चारला. रस्त्यावर जाऊन टांगेवाल्यांना हात केले. आष्ट्यापर्यंत कुणी येईना. परत येऊन बाकावर बसले. रडायचंही सुचेना. थोड्या वेळानं कापरं आपोआप थांबलं — तेव्हा तर जास्तच भ्याले, तिकडं पोर गेलीच की काय.

घरी पोचले तर कुसुम उंबऱ्यात बसलेली.

सासूबाई म्हणाल्या, "अगं, आज जेवलीच न्हाई नीट. मग आपणच म्हणाली, आजी, हात कापाय लागल्यात, गूळ दे. लय दिसांनी म्हणाली बघ."

"कधी?"

"दीड-दोन वाजलं असत्याल."

त्या दिवसापासून तिला पुन्हा कळू लागलं. मला मात्र परत कधीच तसं झालं नाही. डॉक्टर म्हणाले, "महिनाभर साखर उतरू दिली नाहीत, म्हणून पोरीचं एक वेळ समजू शकतो. तुमचं नाही."

चार वर्षांनी कुसुम मेढ्याला मामाकडच्या एका लग्नाला आमच्या आधी गेली. एव्हाना सुई ती स्वतःच टोचून घ्यायची. तिथं ताप भरला आणि दोन दिवसांत सगळं संपलं. तार संध्याकाळी आली. ती गेली त्या दुपारी मी वर्गात होते, मुलींना हसवत होते. अंगावर साधा काटासुद्धा आला नाही.

त्या दिवशी सांगलीत मला कसं कळलं, हे आजही सांगता येत नाही. आणि ती गेली त्या दिवशी का नाही कळलं, तेही.