आधी बाप, मग गाव

गेल्या साली माझ्या नावात आप्पांचं नाव घालून घेतलं. वकील, शिक्के, पेपरात जाहिरात, सगळं केलं. आप्पा जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. बैल गेला अन् झोपा केला, दुसरं काय!

आप्पा म्हणजे माझे वडील. निपाणीत तंबाखूच्या वखारीत कामाला होते आणि रविवारी चर्चमध्ये पोरांना शास्त्र, म्हणजे बायबल, शिकवायचे. शास्त्रातल्या नावांचा त्यांना लई नाद. इब्री म्हणजे हिब्रू भाषेत 'बेन' म्हणजे मुलगा, 'बाथ' म्हणजे मुलगी. "त्या लोकांत आडनाव न्हाय रं. अमक्याचा बेन तमका, झालं आडनाव!" मी विचारायचो, "मग चौकातल्या गुजराती दुकानातली बेन पोरगा व्हय?" आप्पा पोट धरून हसायचे.

आमच्या आडनावात मात्र हसण्यासारखं काही नव्हतं. ऐकलं की समोरचा मनातल्या मनात जात काढून मोकळा. धर्म बदलून तीन पिढ्या झाल्या, तरी आडनाव आपलं पाठीशी आहेच. बेळगावात नोकरी लागल्यावर मी वैतागून ते टाकलं आणि गावाच्या नावाला 'कर' जोडला. तेवढ्यावर थांबायला काय धाड भरली होती? पण आप्पांचं नाव पडलं शास्त्रातलं. ते ऐकलं की पुन्हा चौकशा. म्हणून तेही गाळलं.

आप्पा रागावले नाहीत. म्हणाले, "आडनाव टाकलंस, बरं केलंस. शास्त्रात बी माणसं गावावरनं वळखतात. पण गाव मागनं रं. आधी बाप. माझं नाव तेवढं परत घाल." मी म्हटलं, "व्हय, बघतो." बघतो म्हणजे नाही, हे त्यांना कळत नव्हतं थोडंच.

मग एकदा ते न कळवता निपाणीहून थेट ऑफिसात आले. हातात पिशवी, पिशवीत शेंगाची चटणी. दारावरची माझ्या नावाची पाटी वाचत उभे राहिले. शिपायानं कानडीत विचारलं, साहेबांचे कोण तुम्ही? आप्पांनी काचेतून माझ्याकडं बघितलं. माझ्यासमोर बदलून आलेले मोठे साहेब बसले होते. उठून 'माझे वडील' म्हणायला कितीसा वेळ लागला असता? मी मान खाली घालून फाईल उघडली.

"त्यांच्या गावचा हाय," आप्पा शिपायाला म्हणाले.

मोठ्या साहेबांनी विचारलं, "कोण हो?" आणि मी, जीभ झडो माझी, म्हणालो, "गावचेच आहेत."

अर्धवट उघड्या दारातून आप्पांनी ते ऐकलं. आत आले, पिशवी टेबलाच्या कडेला ठेवली आणि दोन्ही हात जोडले.

"येतो, साहेब. तुमच्या वडलांनी दिलंय."

जन्मात पहिल्यांदाच त्यांनी मला अहोजाहो केलं.