नलिनीताईंची बंद गाडी

आज सकाळी खाली पार्किंगमध्ये शेजारच्या नलिनीताईंची विजेवरची नवी गाडी बंद पडली. त्यांची नात ईशा पलीकडच्याच गल्लीत राहते. फोन करताच ती ओल्या केसांनीच आपली गाडी घेऊन आली आणि आल्याआल्या आजीवर बरसली.

"अगं आजी, मागचं दार पुन्हा अर्धवट लावलंस ना? रात्रभर आतला दिवा चालू राहिला!"

"पण कालच तर पूर्ण चार्ज केली होती गं," नलिनीताई म्हणाल्या.

"ती मोठी बॅटरी. ती भरलेलीच आहे. गाडीला जागं करते ती छोटी, आणि ती तू संपवलीस. किती वेळा सांगायचं तुला?"

ईशाने आपल्या गाडीपासून दोन तारा जोडल्या आणि आजीची गाडी उजळली.

"बघा, कशी ओरडते माझ्यावर!" नलिनीताई मला म्हणाल्या. तक्रार करताना त्यांचा चेहरा दिवाळीसारखा फुलला होता. गाडीचा हेवा मला कधी वाटला नाही, पण त्या ओरडण्याचा वाटला, अगदी पोटात दुखेपर्यंत.

माझ्या नातवंडांनो, तुमची माया त्या मोठ्या बॅटरीसारखी भरलेली आहे, हे मला ठाऊक आहे. दर रविवारी तुम्ही व्हिडिओ कॉलवर किती गोड बोलता! "आजी, काळजी घे हं." माझी औषधं वेळेवर, दारं नीट लावलेली, तुम्हाला रागवायला मी जागाच ठेवत नाही. येत्या रविवारी मी स्वेटर न घालता, खोकत फोनसमोर बसणार आहे. मला चांगलं रागवा.