बाहीचा घेर

शिवणकामात वीस वर्षं गेली, पण पोटच्या पोरीची बाही बिघडली तशी ती मनातून ओशाळली. बिट्टी सात वर्षांची. उंची दोन इंच वाढली, आणि जुन्याच मापाने बेतलेल्या नव्या झग्याची बाही मात्र दंडावर झोळीसारखी लोंबत होती. आपलीच कात्री चुकली म्हणून तिने ती दोनदा उसवली. तिसऱ्यांदा उसवण्याआधी दंडाला टेप लावली, मापांची वही काढली आणि हात थबकला. गेल्या वर्षी दंडाचा घेर सात इंच. आता सहा.

इस्पितळातले मोठे डॉक्टर म्हणाले, “वाढीचं वय आहे. खाऊपिऊ घाला.”

“खाते हो. पण पाणी पिताना ठसका लागतो, बोलणं नाकातून येतं, जिना चढताना धाप लागते. केस विंचरायला हात वर जात नाही.”

“आणि हे कानाचं यंत्र?” डॉक्टरांनी बिट्टीकडे बोट दाखवलं. “ते वेगळं प्रकरण. चला, पुढचे कोण?”

“पुढचे थांबतील.” तिने वही त्यांच्यापुढे सरकवली. “माझं अर्धा इंच चुकलं तर कपडा परत येतो, डॉक्टर. तुमचं चुकलं तर?”

शेजारी उभी असलेली शिकाऊ डॉक्टरीण वाकून वाचू लागली. “कान कधी गेले?”

“दीड वर्षापूर्वी. आधी कुजबुजसुद्धा ऐकायची.”

“सर, हे वेगळं नसावं. कान, जीभ, दंड, श्वास... एक जीवनसत्त्व नसांपर्यंत पोचवणारी वाटच काही मुलांत जन्मतः बिघडलेली असते. भरपूर दिलं तर पोचतं.”

“रक्त पाठवा. दीड महिन्याने रिपोर्ट आला की बघू.”

“दीड महिन्यात हिचा श्वासच अडला तर?” आई म्हणाली. “ते औषध विषारी आहे का?”

“नाही, पण...” डॉक्टरीण म्हणाली.

“मग आज द्या. मी इथून उठत नाही.”

ती खरंच उठली नाही. औषध त्याच दिवशी सुरू झालं.

रिपोर्ट आला. डॉक्टरीण बोलली तेच निघालं. सासूबाई फणकारल्या, “आमच्या घराण्यात असलं काही नाही!”

“दोन्हीकडून आलंय, आई. निम्मा वाटा तुमचा, निम्मा आमचा. वाटणी मान्य नसेल तर कोर्टात चला.”

कान काही परतले नाहीत. पण ठसका थांबला, त्या जीवनसत्त्वाच्या रंगाने लघवी पिवळीधमक झाली, आणि चौथ्या महिन्यात टेप सव्वासहावर आली. तिने नवी बाही बेतली ती सरळ सात इंचांच्या मापाची.

“आई, ढगळ होतेय,” बिट्टी गेंगाण्या आवाजात कुरकुरली.

“होऊ दे,” दाताने दोरा तोडत ती म्हणाली. “भरायचीय तुला.”